मनीची सात घरं

माझी आई कधी खोटं बोलत नाही, ही वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत माझी सगळ्यात पक्की समजूत होती. गणपतीची वर्गणी मागायला पोरं दारात आली आणि अप्पा आतून ‘नाही म्हणून सांग’ असे हात हलवायला लागले, तर ती सरळ सांगून मोकळी व्हायची, “आहेत, पण पडद्यामागे उभे आहेत.” मग अप्पा कसनुसं हसत बाहेर यायचे आणि पावती फाडून घ्यायचे. शेजारच्या काकूंनी नवी साडी दाखवली आणि तिला ती आवडली नाही, तर “रंग तुम्हाला उठत नाही हो” असं ती चहाचा कप हातात देता देता सांगायची. लोक तिला वचकून असायचे आणि तरीही सगळे तिच्याकडेच यायचे. मी तर तिच्या शब्दावर विहिरीत उडी मारली असती. आज माझी साठी उलटली, माझी नातवंडं मला ‘आजी, तू किती तोडून बोलतेस’ म्हणतात, तेव्हा मला बरं वाटतं. म्हणजे आईचं काहीतरी माझ्यात उतरलं. पण हे जे लिहायला बसलेय ते तिच्या एका खोट्याबद्दल आहे. आणि माझ्या एका खऱ्याबद्दलही.

आमचं घर पंचवटीच्या पलीकडे, मखमलाबादच्या रस्त्याला. आता तिथे सात-सात मजली इमारती आहेत आणि खाली मोबाइलची दुकानं, पण तेव्हा कॉलनीची शेवटची ओळ संपली की द्राक्षबागा सुरू व्हायच्या. सकाळी वारा आमच्याकडे असला तर बागेत मारलेल्या गंधकाचा वास चहाच्या कपापर्यंत यायचा. तीन खोल्यांचं कौलारू घर आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा. ती सगळी आईची. पुढे गुलाब आणि मोगरा, मागे न्हाणीचं पाणी जाई तिथे अळू, त्याच्या अंगाला मेथी-कोथिंबिरीचे वाफे, आणि न्हाणीच्या भिंतीवरून वर चढवलेला द्राक्षाचा एक वेल. त्याला द्राक्षं लागायची ती इतकी आंबट की अप्पा म्हणायचे, “पाहुणे लवकर जावेत असं वाटलं तर यातली चार द्यावीत.” अप्पा पाटबंधारे खात्यात कारकून. दिवसभर साहेबासमोर उभं राहून आले की घरी आमच्या कुत्र्यावर ओरडायचे, कारण त्याचं नावच त्यांनी साहेब ठेवलं होतं. “साहेब, बाहेर व्हा!”, “साहेब, लाज वाटते का चप्पल चावायला?” साहेब शेपूट हलवायचा. अप्पांचा दिवसभराचा शीण तेवढ्यात उतरायचा.

मांजरीचं नाव मनी. आमच्या अख्ख्या ओळीत जेवढ्या मांजरी होत्या त्या सगळ्या मनीच, त्यामुळे संध्याकाळी कोणी “मनी, मनी” हाक मारली की चार घरच्या एकदम धावायच्या. आमची मनी करडी, पट्ट्यापट्ट्यांची, आणि स्वभावाने फटकळ. साहेबाला तिने एकदा नाकावर असा पंजा मारला होता की तो तिच्याशी कायम अदबीने वागायचा. त्या हिवाळ्यात तिने द्राक्षाच्या वेलाखाली, जिथे आई खुरपं, घमेलं आणि जुनी गोणपाटं ठेवायची, तिथे तीन पिल्लं घातली. दोन तिच्यासारखी आणि एक काळं-पांढरं. मी शाळेतून आले की दप्तर फेकून तिथे उकिडवी बसायची. उंदरासारखे ते तीन जीव, डोळे घट्ट मिटलेले, माना डुगडुगत आईचं पोट शोधायचे. साहेब दोन हात लांब बसून मान वाकडी करून बघायचा. मनी त्याला बघू द्यायची, पण तेवढंच.

त्याच दिवसांत आमच्याकडे ताई बाळंतपणाला आली होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, सासर येवल्याचं, पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरीच व्हायचं. आईने तिच्यासाठी आधीच दोन वाफे शेपूचे लावून ठेवले होते. घरभर डिंक तळल्याचा वास. खारीक कुटायचं काम माझ्याकडे, आणि मी कुटता कुटता खाते म्हणून खलबत्त्यापाशी बसून राहायचं काम अप्पांकडे. तेही खायचे. अळीव निवडून झाले, बाळंतशोपा भाजून बरणीत भरली, जुनी धोतरं फाडून दुपट्यांची चळत झाली. माळ्यावरचा पाळणा अप्पांनी खाली काढला. तो आईने स्वतः धुतला, स्वतः उन्हात ठेवला, मला हातही लावू दिला नाही. उन्हात तापलेल्या पाळण्यात मनी जाऊन बसली, तेव्हा आईने हातातला झाडू असा फेकून मारला की मी दचकलेच. मनीला तो लागला नाही. पण जी बाई मनीसाठी रोज भाकरी दुधात कुस्करून ठेवायची, तिचा तो चेहरा मी पहिल्यांदा बघत होते. “पाळण्यात नको बसायला,” ती म्हणाली आणि पाळणा पुन्हा धुवायला घेतला.

ताईला कळा सुरू झाल्या तेव्हा पिल्लं पाच दिवसांची होती. तिला दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी मुलगा झाला. अप्पांनी ओळीत पेढे वाटले, मी मावशी झाले म्हणून वर्गभर मिरवले. आई दवाखान्यातून घरी आली ती खोल्या धुवायला. उद्या ताई बाळाला घेऊन येणार होती. मी शाळेतून आले, नेहमीसारखी वेलाखाली गेले, तर गोणपाट रिकामं. घमेल्यामागे बघितलं, अळवात बघितलं, टाकीखाली वाकून बघितलं. मनी गोणपाटाभोवती गोल गोल फिरत होती. आणि साहेब तिथेच बसलेला, जिभल्या चाटत! माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. मी कोपऱ्यातला बांबू उचलला आणि त्याला मारत सुटले. “खाल्लीस? खाल्लीस ना?” तो बिचारा पळालाही नाही, जमिनीला पोट टेकून नुसता कुंईकुंई करत राहिला. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने माझा हात धरला.

“त्याला कशाला मारतेस, कुंदे? त्याने काही केलं नाही. मनीनेच नेली असतील. मांजर डोळे उघडायच्या आधी पिल्लांना सात घरं फिरवते, माहीत नाही का तुला?”

माहीत होतं. तेव्हा ते कोणाला माहीत नव्हतं? मांजरीने पिल्लं हलवली की सगळे हेच म्हणायचे आणि पुढे कोणी काही विचारायचं नाही. मी बांबू टाकला, साहेबाच्या गळ्यात पडून रडले, त्याला माझ्या वाटणीचा पेढा दिला. आई परत आत गेली. तिने माझ्याकडे नीट बघितलं नव्हतं, हे मला पुष्कळ नंतर आठवलं.

मग मी सात घरं शोधायला निघाले. आता हसू येतं, पण तेव्हा ते माझ्यासाठी परीक्षेपेक्षा मोठं काम होतं. डावीकडून सुरुवात केली. पहिल्या घरी काकू म्हणाल्या, “आमच्याकडे आमचीच काय कमी आहेत?” दुसऱ्या घरी माळ्यावर चढून बघितलं, तिथे फक्त जुनी सायकल आणि कोळीष्टकं. तिसऱ्या घरचे आजोबा म्हणाले, “सहाव्या घरात बघ गं, मांजर मधली घरं पटापट उरकते.” हे त्यांनी इतकं गंभीरपणे सांगितलं की मी सरळ सहाव्या घरी गेले, आणि त्यांच्या कोळशाच्या पोत्यात हात घालून काळी होऊन बाहेर आले. सातव्या घरानंतर ओळ संपत होती. मी आठवं घर म्हणून पहिल्या घरी पुन्हा जाऊन बघितलं. सगळीकडे तेच उत्तर, “येईल गं घेऊन. सात घरं झाली की आपोआप येईल.” एवढी सगळी मोठी माणसं एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर ती खरीच असणार.

ताई बाळाला घेऊन आली. भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या डोळ्यांना पाणी लावलं, आणि त्या दिवसापासून घराचं वेळापत्रकच बदललं. ओव्याची धुरी, शेकाची शेगडी, बाजरीची भाकरी आणि शेपू, बाळाचं ट्यँहॅ. आणि दर वेळी ते ट्यँहॅ सुरू झालं की खिडकीबाहेर मनी ओरडायची. एरवी तिचं म्याव ओळखीचं होतं, हे तसं नव्हतं. घशातून खरवडून काढल्यासारखा आवाज. बाळ थांबलं की ती थांबायची, खिडकीखाली बसून वर बघत राहायची. तिची आचळं तटतटून लाल झाली होती. एकदा ताईने बाळाला अंगाशी घेता घेता विचारलं, “आई, ही अशी का गं करतेय? पिल्लं कुठे आहेत हिची?” “फिरवतेय सात घरं,” असं म्हणून आईने खिडकी लावून घेतली. मला तेव्हाच विचारायला हवं होतं की तिनेच पिल्लं नेली असतील तर ती इथे बसून कोणाला शोधतेय. एवढी साधी गोष्ट. पण आई म्हणाली होती ना!

पाचवीची पूजा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. दूध घ्यायला मी पातेलं घेऊन फाटकात उभी. रंगनाथ दूधवाला मखमलाबादहून फटफटीवर कॅन लावून यायचा, मोठ्या आवाजाचा, हसतमुख माणूस. मापाने दूध ओतता ओतता तो म्हणाला, “मांजर वरडतीय व्हय अजून?”

“पिल्लं फिरवतेय ना ती. सात घरं.”

“कशाची सात घरं!” तो हसायलाच लागला. “मीच नेली की तिची पोरं. वहिनींनी पिशवीत घालून दिली. म्हनल्या, घरात बाळ येनार हाय, मांजरं नको. तुझ्या गोठ्यावर दुधाला काय तोटा नाय, तिथं वाढतील. तुला नाय सांगितलं?”

माझ्या हातातलं पातेलं कललं आणि दूध पायावर सांडलं. रंगनाथ “अगं, अगं” म्हणाला. म्हणजे मी सात घरांच्या माळ्यांवर चढत होते, कोळशात हात घालत होते, तेव्हा आईला माहीत होतं. मी काळी होऊन घरी आले तेव्हा तिने स्वतः माझे हात साबणाने घासून दिले होते. आई? माझी आई? मला रडूही येईना. मी फक्त विचारलं, “कशी आहेत?”

“ते मला काय म्हाईत? मी दिवसभर रतिबावर. आमची मंडळी बघती सगळं.”

मी पातेलं ओट्यावर ठेवलं. दूध कमी का, हे आईने विचारलं नाही, ती बंब पेटवायच्या गडबडीत होती. “शाळेत लवकर जायचंय, कवायत आहे,” मी सांगितलं. आईशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं, आणि ते अजिबात जड गेलं नाही. सायकलच्या पुढच्या टोपलीत ताईचा जुना परकर घातला, मऊ होता. तिन्ही पिल्लं घेऊन यायची, मनीच्या पुढ्यात ठेवायची आणि मग आईकडे नुसतं बघायचं, असं माझं ठरलं होतं. साहेब फाटकातून निघाला तो सायकलमागे पळायलाच लागला. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, घड धरलेले, पाटाच्या कडेने थंडी अशी की बोटं हँडलला चिकटल्यासारखी. मला राग होता, पण खरं सांगते, आनंदही होता. आहेत ना, जिवंत आहेत ना! आता डोळेही उघडले असतील, मला ते बघायला मिळणार होतं.

गोठा शोधायला वेळ लागला नाही. रंगनाथची बायको शेण भरत होती. मी कोण, कुठली, सगळं सांगितलं, टोपलीतला परकर दाखवला. ती हातातलं घमेलं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

“ती पिल्लं व्हय? अगं बाई, ती तर दुसऱ्या दिवशी सकाळीच मेलेली घावली.”

“मेली?”

“दूध ठिवलं व्हतं की मी. वाटीभरून, सायीचं. पर त्यांनी तोंड बी लावलं नाय. लावतील कशी? डोळं बी उघडलेलं नव्हतं. चाटून पिनारी पोरं न्हवती ती, अंगावर पिनारी व्हती. मी यान्ला म्हनलं, आईबिगर कशाला आनली? ते म्हनले, वहिनींनी दिली.” तिने सीताफळाच्या झाडाखालची उकरलेली माती दाखवली. “लय वरडली बघ.”

साहेब त्या मातीपाशी जाऊन हुंगत राहिला. मी त्याला हाक मारली, तो आला नाही. शेवटी गळ्याला धरून ओढून आणला. त्या बाईने मला चहा घे म्हटलं, गूळ हातावर ठेवला. मी तो गूळ वाटेत पाटात फेकून दिला. येताना मी रडत नव्हते. मी एकच ठरवत होते, हे कुठे आणि कसं सांगितलं म्हणजे आईला सगळ्यात जास्त लागेल. बारा वर्षांची मुलगी असा विचार करू शकते, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. माझा बसतो.

घरी आले तेव्हा बाळाची अंघोळ व्हायची होती. न्हाणीत बंबातून काढलेल्या पाण्याची वाफ भरलेली. आई पाटावर बसून दोन्ही पाय लांब सोडून तयार होती, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, शेजारी डाळीचं पीठ, साय आणि तांब्या. ताई बाळाला पाजून नुकतीच उठली होती आणि न्हाणीच्या उंबऱ्याशी स्टुलावर त्याला उघडं करत होती. अप्पा बादली ठेवून बाहेर निघाले होते. असं सगळं घर मला एका जागी मिळालं.

“दे गं त्याला,” आईने ताईपुढे हात पसरले.

“पिल्लं मेली,” मी म्हणाले. “मनीची. रंगनाथच्या गोठ्यावर. तू पिशवीत घालून दिलीस ना, ती. दुसऱ्याच दिवशी मेली तिन्ही. सात घरं फिरवतेय म्हणे! खोटारडी!”

आईचे हात तसेच पुढे होते. “मेली?” ती म्हणाली. “मेली कशी? दूध होतं ना तिथे?”

“आई,” ताई हळू आवाजात म्हणाली, “त्यांचे डोळे उघडले नव्हते. ती वाटीतून कशी पितील?”

आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. दोन पोरी अंगावर पाजून वाढवलेली, शेजारपाजारच्या लेकीसुनांना पाजायला शिकवलेली बाई, आणि तिला खरोखर हे सुचलं नव्हतं. दूध आहे म्हणजे पिल्लं जगतील, एवढंच तिने बघितलं होतं. मला वाटलं होतं ती ओरडेल, मला मारेल. ती नुसती पुटपुटली, “मला वाटलं, मजेत राहतील.” मग तिने पुन्हा ताईकडे हात केले. “आण त्याला. पाणी निवतंय.”

ताईने बाळ दिलं नाही. तिने ते उघडं बाळ छातीशी घट्ट धरलं आणि एक पाऊल मागे सरकली. ती आईकडे अशी बघत होती की जणू ही कोणी परकी बाई न्हाणीत येऊन बसली आहे. मला जे हवं होतं ते झालं होतं. आणि ते झाल्याबरोबर आईचे ते रिकामे हात आणि रिकामे पाय माझ्याच्याने बघवेनात.

“सांग आता त्यांना,” अप्पा दारातून म्हणाले. मी वळून पाहिलं. त्यांचा आवाज कधी असा नसायचा.

आईने तांब्या उचलला, परत ठेवला. “तुझ्या आधी एक होता,” ती ताईला म्हणाली. “नामपूरला, माझ्या माहेरी. मी पाणी आणायला उठले, लगेच परत आले. पाळण्यात मांजर होती. त्याला चिकटून झोपलेली. ती गरम होती आणि तो गार झाला होता. मांजरीने केलं, का आधीच काही झालं होतं, कोणास ठाऊक. मांजरीनेच केलं म्हणाले सगळे.”

माझ्या आधी ताई होती, ताईच्या आधी कोणी असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. बारा वर्षं त्या घरात राहून मला माहीत नव्हतं की आईला आणखी एक मूल होतं. ताईलाही माहीत नव्हतं. तिने विचारलं, “नाव काय होतं?”

“अकरावा दिवस होता,” आई म्हणाली. “बारसं दुसऱ्या दिवशी होतं.”

बाहेर मनी ओरडायला लागली. मग ताई खाली वाकली आणि तिने बाळाला आईच्या पायांवर ठेवलं. पण त्याच्या छातीवरचा आपला हात तिने काढला नाही. आईने तिच्याकडे एकदा वर पाहिलं, काढ म्हणाली नाही. अंघोळ संपेपर्यंत ताईचा हात तिथेच होता, आणि आई त्या हातावरूनच पाणी ओतत राहिली.